फोन गेटवर जमा

पत्रक मी लिहिलं होतं, त्यामुळे त्यातली चूक दुसऱ्या कुणाच्या माथी मारता येत नाही. पिवळा कागद, ए-फोरचा अर्धा, आणि वर जाड अक्षरांत एक ओळ: ‘ज्याचा अर्ज, त्याचाच नंबर.’ खाली दहा-बारा ओळी. शेवटी ‘आपली नम्र’ वगैरे काही नव्हतं, ते मला आवडत नाही.

आमच्या घरात पत्रकं किराणा सामानासारखी असायची. वडील भोसरीच्या एका कारखान्यात होते आणि युनियनचं काम करायचे. छापून आलेले गठ्ठे पलंगाखाली ठेवलेले असत आणि घड्या घालायला घरातले सगळे बसत. मी अक्षरं जुळवायला शिकले ती ‘निलंबित कामगारांना कामावर घ्या’ या ओळीवर. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर पाढे लिहिले. त्यामुळे काही चुकीचं चाललेलं दिसलं की लोक आधी बोलून बघतात, मी आधी मथळा शोधते.

आमच्या वस्तीतल्या विहाराच्या मागे एक खोली आहे. तिथे चार कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि बऱ्यापैकी चालणारं इंटरनेट. कुठल्याशा कंपनीने मशिनं दिली, फोटो काढले, पुन्हा कुणी फिरकलं नाही. खोली चालवायचे ते काका. त्यांची कंपनी बंद पडली तेव्हा ते पन्नाशीत होते, आणि त्यानंतर ते कॉम्प्युटर शिकले. एका बोटाने टाईप करतात, पण चुकत नाहीत. जातीचा दाखला, शिष्यवृत्ती, रेशनकार्डात सुनेचं नाव घालणं, आयटीआयचा प्रवेश, वस्तीतला प्रत्येक अर्ज त्यांच्या हातून जायचा आणि कुणाकडून ते काही घ्यायचे नाहीत.

प्रत्येक अर्जावर मोबाईल नंबरही त्यांचाच असायचा. ओटीपी त्यांच्या फोनवर यायचा. ते तो मोठ्याने वाचत, स्वतःच भरत आणि म्हणत, “झालं. पुढचा.” पासवर्डची एक जाड वही होती. खरं तर वहीची गरजच नव्हती, सगळ्या वस्तीचा पासवर्ड जवळपास एकच होता: नाव आणि त्यापुढे जन्मसाल.

बीए झाल्यावर मी दुपारी तिथे बसायला लागले आणि पहिल्याच आठवड्यात मला हे खटकलं. एका माणसाच्या खिशात सगळ्या वस्तीच्या किल्ल्या. माणूस कितीही सज्जन असो, किल्ल्या त्याच्याकडे का? मग काका त्यांच्या भावाच्या मातीला परभणीकडे गेले. तिथे रेंज नव्हती. दहा दिवसांत दोन मुलींचे शिष्यवृत्तीचे अर्ज अडकले ते अडकलेच. काका परत आले त्या दिवशी माझं पिवळं पत्रक घरोघर पोचलेलं होतं.

रविवारी वंदना झाल्यावर विहारातच बैठक झाली. मी बोलले. काका शेवटच्या रांगेत, चपला काढतात तिथे बसले होते. माझं झाल्यावर ते उभे राहिले.

“पोरीचं बरोबर आहे,” ते म्हणाले. “माझ्याकडून दोघींचं नुकसान झालं, ते मी नाकारत नाही. पण एक बघा. घरात फोन एक असतो, आणि तो बाप्या कामावर घेऊन जातो.”

“ती ज्याच्या त्याच्या घरातली बाब आहे, काका,” मी म्हणाले. “म्हणून काय सगळ्या वस्तीनं आयुष्यभर तुमच्या खिशावर जगायचं?”

टाळ्या पडल्या. काका खाली बसले. पुढचे पंधरा दिवस मी एकेक खातं उघडून नंबर बदलत होते. काकांच्या फोनवर येणारा ओटीपी ते शेजारच्या खुर्चीवरून मला वाचून दाखवत होते. स्वतःचं नाव स्वतःच पुसायला लावल्यासारखं होतं ते. तेव्हा मला तसं वाटलं नाही. तेव्हा मला वाटत होतं, चांगलं काम लवकर उरकतंय.

त्या नंबरांत एका मुलीचा नंबर होता. दहावी पास झालेली, विहारापासून चौथ्या गल्लीतली. तिला सरकारी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करायचा होता. तिचा बाप चाकणच्या एका कंपनीत ठेकेदाराकडून कामाला, मोटारींच्या सुट्या भागांच्या लाईनवर. त्याने तिला स्पष्ट सांगितलेलं होतं, “सरकारीत नंबर लागला तर शिक. खासगी आपल्याला झेपत नाही. नाहीतर सकाळचं आर्ट्स घे आणि घरातलं बघ.” मी तिच्या अर्जावरचा काकांचा नंबर काढून बापाचा टाकला. घरात दुसरा फोन नव्हताच. ‘ज्याचा अर्ज, त्याचाच नंबर’ असं लिहिणाऱ्या मला त्या क्षणी हे दिसलं नाही, की अर्ज तिचा होता आणि नंबर बापाचा.

यादी लागणार होती त्या दिवशी ती दोनदा येऊन गेली. यादी लागलीच नाही. दुसरा दिवस गुरुवार. गुरुवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी लाईट जाते, ती संध्याकाळपर्यंत आली नाही. शुक्रवारी पाणी भरून ती अकराला आली. साईट उघडायलाच एक वाजला. आणि तिचं नाव तिथे होतं. पहिल्या पसंतीचं कॉलेज, इलेक्ट्रिकल. खाली लाल अक्षरांत सूचना: मिळालेली जागा आज सायंकाळी पाचपर्यंत स्वीकारली नाही तर ती रद्द समजली जाईल.

“दाब की,” मी म्हणाले.

तिने ‘स्वीकारा’वर दाबलं. स्क्रीनवर चौकट आली: नोंदणीकृत मोबाईलवर पाठवलेला ओटीपी भरा. मुदत दहा मिनिटं.

तिने माझ्याकडे बघितलं. “ताई, पप्पा ड्युटीवर हायेत.”

“मग लाव फोन.”

मी माझ्या फोनवरून लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला.

“उचलणार नाहीत,” ती म्हणाली. “फोन गेटवर जमा असतो. सातला सुटल्यावर देतात.”

बापाची शिफ्ट सात ते सात. बारा तास. हे मला माहीत होतं. दोन महिन्यांपूर्वी त्याच कंपनीच्या गेटवर बारा तासांच्या शिफ्टविरुद्ध मी पत्रकं वाटली होती. फोन गेटवर ठेवून घेतात हेही त्यात चौथ्या मुद्द्यात लिहिलं होतं. लिहिलेलं माणसाला किती कमी कळतं.

काकांनी प्रवेशाच्या मदत केंद्राला फोन लावला. बराच वेळ गाणं वाजल्यावर एक बाई बोलल्या. नंबर बदलता येईल, पण त्यासाठीही ओटीपी जुन्याच नंबरवर जाईल. नाहीतर लेखी अर्ज करा, दोन दिवस लागतील. काकांनी शांतपणे “आभारी आहे” म्हटलं आणि फोन ठेवला. मला वाटलं आता ते मला काहीतरी बोलतील. मी तयार होते. ते म्हणाले, “स्कूटीत पेट्रोल आहे का?”

ठरलं असं. मुलगी आणि काका इथे कॉम्प्युटरपाशी थांबणार. मी तिच्या आईला घेऊन चाकणला जाणार. गेटवर फोन हातात आला की मी कळवायचं, मग हे दोघे नवा ओटीपी मागवणार, आणि आम्ही तो वाचून दाखवणार.

आई वाकडच्या एका टॉवरमध्ये धुणं-भांडी करून नुकतीच घरी आली होती. लातूरकडची, चाळिशीतली, कमी बोलणारी बाई. मी धापा टाकत सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं, “पाचच्या आत न्हाई झालं तर?”

“तर जागा जाते, मावशी.”

तिने साडीचा पदर खोचला आणि मागे बसली.

सव्वादोनला निघालो. भोसरीच्या पुलाखाली वीस मिनिटं गेली. मोशीच्या पुढे नाशिक रोडवर कंटेनर एकमेकांना चिकटून उभे होते आणि त्यांच्या मधून दुचाकीवाले वाट काढत होते. इंद्रायणीच्या पुलावर एक ट्रक बंद पडलेला. मागून एक माणूस ओरडला, “ओ ताई, घाला की पुढं, काय मुहूर्त बघताय का!” मी घातली. मावशींचा गुडघा एका टेम्पोला घासला. “लागलं का?” “चालू दे,” त्या म्हणाल्या. आरशात मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, फक्त माझ्या खांद्यावरचा हात, साबणाने पांढरी पडलेली बोटं.

गेटवर पोचलो तेव्हा चारला वीस कमी होते.

गेटशेजारी सिक्युरिटीची केबिन. सरकत्या काचेची खिडकी, आणि आत भिंतीला लागून खणाखणांचं लाकडी कपाट. प्रत्येक खणाला जाळीचं दार आणि नंबर, प्रत्येक खणात एकेक फोन. कामगार आत जाताना फोन देतो, पितळी टोकन घेतो. सुटताना टोकन देतो, फोन घेतो. टोकन मावशींच्या नवऱ्याच्या खिशात, आणि नवरा आत लाईनवर.

केबिनमधला गार्ड पन्नाशी ओलांडलेला, जवळच्याच गावचा असावा. त्याने आधी मावशींकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि हसला. ते हसू काही चांगलं नव्हतं.

“या की पत्रकवाल्या म्याडम. आज काय वाटायला आणलंय?”

“आज काही नाही. एक अडचण आहे…”

“तुमच्या त्या कागदापायी मला मेमो भेटला, ठावं हाय का? गेटावर वाटू दिलं म्हणून. पोरगी म्हणून हटकलं न्हाई, तर माझीच कंबख्ती.”

मला हे माहीत नव्हतं. मी त्या दिवशी पत्रकं वाटून, सगळी संपली म्हणून खुशीत घरी गेले होते.

मावशींनी माझ्या दंडाला धरून मला बाजूला केलं. “तू तिकडं भितीपाशी थांब. मी बोलते.”

मी कंपाउंडच्या भिंतीपाशी गेले. खिडकीपासून चार पावलं. फोन कानाला, पलीकडे काका. “पोचलो. बोलणं चालू आहे,” मी म्हणाले. इकडे मावशींचं सगळं ऐकू येत होतं.

“दादा, जेवण झालं का?”

गार्डला हे अपेक्षित नसावं. “झालं कवाच. बोला.”

“मी वाकडला सोसायटीत काम करते. तिथं बी असंच गेट हाय. माझी एन्ट्री मॅडमच्या फोनवर होती. मॅडमनं बटण दाबलं तर मी आत. मॅडम झोपल्या असल्या तर मी भाईर बसून. अर्धा तास, कधी तास. वॉचमन तरी काय करंल? त्याच्या हातात न्हाई, मला कळतंय ते. म्हणून मी तुमाला नियम मोडा म्हणत न्हाई.”

“मग काय म्हणता?”

मावशींनी सांगितलं. मुलगी, कॉलेज, पाच वाजेपर्यंतची मुदत, फोनवर येणारे सहा आकडे. कुठेही थांबल्या नाहीत, रडल्या नाहीत.

“टोकनाबिगर फोन देता येत न्हाई.”

“देऊ नका. तुमच्याच हातात ऱ्हाऊ द्या. आकडे तेवढे बघा.”

गार्डने वर बोट दाखवलं. केबिनच्या कोपऱ्यात कॅमेरा होता. “खणातला फोन भाईर काढला की रजिस्टरला लिहावं लागतं. कुणाचा, कशापायी. लिहिलं की संध्याकाळी ठेकेदाराचा माणूस बघतो. तुमच्या मालकाला दोन दिवस गेटाभाईर ठिवतील. पुना घेतील का न्हाई, त्ये मी सांगू शकत न्हाई. न लिहिता काढला, तर मी घरी.”

तेवढ्यात कानाशी काका म्हणाले, “साईट आत्ता चालतेय. पुन्हा बंद पडेल. मागवू का?”

मी म्हणाले, “मागवा.” मला वाटलं आता होईलच. आणि दोन मिनिटं धीर धरायचा सोडून मी खिडकीपाशी गेले.

“हे बेकायदेशीर आहे,” मी म्हणाले. “घरून निरोप आला म्हणून कामगाराला घरी बसवता येत नाही. तुम्ही लिहा, आणि त्यांनी बसवलं तर आम्ही बघून घेऊ. लेबर ऑफिसला…”

गार्डने काच सरकवली. आतून कडी लावली. खुर्ची फिरवली आणि पाठ करून बसला.

कपाटात कुठेतरी एक फोन बारीक थरथरला. सहा आकडे आले होते. काचेच्या पलीकडे, आमच्यापासून तीन हातांवर. दहा मिनिटं ते तिथे पडून राहिले आणि मग त्यांचा उपयोग संपला.

मावशी माझ्याकडे वळल्या.

“तुझं बरोबर असंल,” त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. “तू शिकलेली हायेस, तुला कायदा ठावं. पण आत्ता गप बस. माझ्या लेकराचा टाइम हाय हा.”

मी गप बसले. आयुष्यात मला गप बसायला सांगणारे पुष्कळ भेटले, बहुतेक गेटच्या आतले. त्यांच्यासमोर गप न बसणं हाच मला माझा गुण वाटायचा. गेटच्या बाहेर माझ्या बाजूला उभ्या असलेल्या बाईने सांगितलं तेव्हा मात्र मी परत भिंतीपाशी गेले.

फोनवर मुलीचा आवाज आला. “ताई? ओटीपी संपला. दुसरा मागवू का?”

“थांब. मी सांगेन तेव्हाच.”

चार वाजून वीस झाले. एक सुपरवायझर मोटरसायकलवर आला, गार्डने उठून सलाम केला, गेट उघडलं, लावलं. मावशी खिडकीखाली उकिडव्या बसल्या होत्या. गार्ड परत आत गेला तसा त्यांनी उठून काचेवर एका बोटाने टकटक केली. पुन्हा केली.

काच चार बोटं सरकली.

“लिहा, दादा.”

“काय?”

“रजिस्टरला लिहा. काय लिहायचं ते लिहा. बायको आलती म्हणून लिहा, माझं नाव घाला.”

गार्ड त्यांच्याकडे बघत राहिला. “मालकाला इचारलं का? त्याची हजेरी जाईल. कदाचित कामच.”

“इचारायला त्यांचा फोन तुमच्या कपाटात हाय.”

गार्डच्या मिशा हलल्या. हसू त्याने आवरलं, पण काच हातभर उघडली. रजिस्टर पुढे ओढलं. आणि मग त्याने लिहायला सुरुवात केली.

इतकं सावकाश लिहिणारा माणूस मी पाहिलेला नाही. तारीख. वेळ. वेळेसाठी घड्याळाकडे बघितलं, पुन्हा बघितलं. कामगाराचं नाव. ठेकेदाराचं नाव. ‘कारण’ या रकान्यापाशी त्याचं पेन थांबलं.

“काय घालू?”

मला दहा शब्द सुचले होते. मी ओठ दाबून धरले.

“मुलीचं कॉलेज,” मावशी म्हणाल्या.

त्याने लिहिलं. “सही करा.” त्यांनी केली. त्यांना सहीपुरतंच लिहिता येतं. तीही घाईने नाही, अक्षर अक्षर काढून.

“फोन कुठला? टोकन नंबर ठावं हाय का?”

मावशींना नंबर माहीत नव्हता. मी खिडकीपासून लांबच होते. काकांचा फोन चालू ठेवूनच बापाचा नंबर लावला. कपाटातल्या तिसऱ्या रांगेत उजेड पडला. गार्डने तो खण उघडला. काच तडकलेला फोन, मागचं झाकण निघू नये म्हणून रबरबँड लावलेला.

“मागव,” मी फोनवर म्हणाले.

पलीकडे माऊसचा आवाज. मग काही नाही. “गोल फिरतंय,” मुलगी म्हणाली. चार पस्तीस. “अजून फिरतंय.” रस्त्यावरून एक कंटेनर हॉर्न वाजवत गेला, तो जाईपर्यंत मला काही ऐकू आलं नाही. “ताई, पान गेलं. पुन्हा लॉगिन करायला सांगतंय.”

“कर.”

“काका करतायत.” एका बोटाने, मी मनात म्हणाले. पण काका चुकत नाहीत.

गार्ड फोन हातात घेऊन उभा होता आणि मधूनमधून कॅमेऱ्याकडे बघत होता. “बाई, किती येळ? मला हिथं धरून उभं ऱ्हाता येत न्हाई.”

“जरा, दादा,” मावशी म्हणाल्या. “तुमाला किती लेकरं?”

“दोन. थोरलीचं लगीन झालं.”

“शिकली का?”

“धा पोतर.”

त्याने फोन खाली ठेवला नाही.

चार बेचाळीसला तो थरथरला. गार्डने डोळे बारीक केले, लांब धरला, जवळ आणला. चष्मा त्याच्याकडे नव्हता. मग त्याने फोनची स्क्रीन आतून खिडकीच्या काचेला लावली. “वाचा तुमीच.”

मावशींनी कपाळ काचेला टेकवलं. इंग्रजी अक्षरं त्यांना येत नाहीत. आकडे येतात, लिफ्टचे मजले, बसचे नंबर. मी माझा फोन स्पीकरवर टाकून त्यांच्या तोंडापाशी धरला. त्यांनी एकेक आकडा स्वतंत्र वाचला, मध्ये श्वास घेऊन. सहावा झाल्यावर विचारलं, “घेतलं का?”

“घेतलं,” काका म्हणाले.

मग काही नाही. गार्ड, मावशी, मी, तिघे एका फोनकडे बघत होतो. मला पलीकडचा पंखा ऐकू येत होता. चार सेहेचाळीस. चार सत्तेचाळीस.

“आलं,” काकांचा आवाज आला, आणि तो फाटला. “आलं, पोरी. जागा घेतल्याचं आलं.”

मुलगी बहुतेक रडत होती. मावशींनी डोळे मिटले, उघडले. मग गार्डला म्हणाल्या, “ह्यांना तुमी काही सांगू नका. मी सांगते घरी.” गार्डने मान हलवली, रजिस्टरमध्ये फोन परत ठेवल्याची वेळ लिहिली आणि खणाचं दार लावलं.

परतताना मोशीपाशी त्या एवढंच म्हणाल्या, “मला वाकडच्या बशीला सोड. संध्याकाळचं काम राह्यलंय.”

दोन दिवस गेटबाहेर. गार्ड म्हणाला होता तसंच झालं.

शनिवारी सकाळी मुलीचा बाप खोलीवर आला. मी त्याच विषयावर लिहीत होते. मथळा झाला होता, पहिला परिच्छेद झाला होता, आणि तो चांगला झाला होता. मी उठून उभी राहिले. त्याने शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या.

“जय भीम,” तो म्हणाला. “ते दाखवता का? तिचं आलेलं.”

मी उघडून दाखवलं. तो खुर्चीवर न बसता वाकून वाचत राहिला. बोट स्क्रीनला लावायचं धाडस त्याला होत नव्हतं, बोट हवेतच ओळीवरून फिरत होतं. मग त्याची नजर माझ्या कागदावर गेली.

“हे आमचं लिहिताय का, ताई?”

“हो. हे गप बसून सहन…”

“लिहू नका. मंगळवारी मला घेतील. ठेकेदार तसं बोललाय. कागद निघाला तर घेणार न्हाईत. माझं नाव नको, कंपनीचं नको, त्या गार्डचं तर नकोच.”

मी कागदाची घडी घातली. आज हे लिहितानाही मी तो शब्द पाळते आहे. इथे नाव कुणाचंच नाही.

“मग तुमचा नंबर तरी काढू का अर्जावरून?” मी विचारलं. “कॉलेजचे मेसेज येत राहणार. पुन्हा असंच होईल.”

“काकांचा टाका की.”

काका प्रिंटरपाशी होते. “माझा नको,” ते म्हणाले. “मी गावाला गेलो की संपलं. हिनं पत्रकात लिहिलंय ते खरंच आहे.”

त्या खोलीत आम्ही तिघे उभे होतो आणि टाकायला कुणाचाच नंबर नव्हता. मुलीचा नव्हता, आईचा नव्हता. नवा फोन घ्या असं मी म्हणू शकले असते. पण गेटबाहेर बसवलेल्या माणसाला ते सांगायला माझी जीभ रेटली नाही.

मग खिशातून फोन काढून बापाने टेबलावर ठेवला, रबरबँडसकट.

“मी ह्याला चाकणला नेतो कशाला?” तो म्हणाला. स्वतःलाच विचारल्यासारखं. “बारा तास तो कपाटात पडतो. इकडनं तिकडनं नुसता फिरवतो मी त्याला. घरीच राहू दे. पोरीपाशी.”

इतकी साधी गोष्ट. माझ्या पत्रकात नव्हती, काकांच्या वहीत नव्हती. आणि साधीही नव्हती. सोळा वर्षांच्या मुलीच्या हातात दिवसभर फोन ठेवणारा बाप आमच्या गल्लीत दुसरा नव्हता. “लोक काय बोलतील ते बोलू द्या,” असं काही तो म्हणाला नाही. नुसता फोन तिथेच ठेवून निघाला, आणि दारातून परत येऊन म्हणाला, “तिला सांगा, चार्जिंगला लावून ठेव.”

मंगळवारी त्याला कामावर घेतलं, दुसऱ्या लाईनवर. फोन न घेता तो पहिल्यांदाच कामावर निघाला होता.

त्या संध्याकाळी सव्वासातला मी खोली बंद करून निघाले तर मावशी मुख्य रस्त्यावर उभ्या होत्या. कंपनीची बस साधारण पावणेआठला येते. रोज तो मोशीला आल्यावर घरी फोन करायचा, शेजारणीच्या नंबरवर, भाजी टाकायला सांगायला. आज काही कळायचा मार्ग नव्हता.

पावणेआठ झाले. बस आली नाही. आठ झाले. रस्ता दिव्यांनी भरलेला होता आणि प्रत्येक मोठी गाडी आली की मावशी एक पाऊल पुढे टाकत, मग मागे येत.

“गाड्या अडकल्या असतील पुलावर,” मी म्हणाले.

“असंल.”

“काही झालं असतं तर…”

“गप ऱ्हा,” त्या म्हणाल्या. मी त्यांच्या शेजारी उभी राहिले.

सव्वाआठला बस आली. तो शेवटून तिसरा उतरला. मावशींनी त्याच्या हातातली डब्याची पिशवी घेतली, आणि चार पावलं चालल्यावर म्हणाल्या,

“उद्या नेणार का फोन?”

“न्हाई,” तो म्हणाला. “कॉलेजचा काही आला का आज?”